सत्तरीतही रोज सूर्यनमस्कार घालणारा औंधचा राजा

औंध संस्थान छोटंच, पण विखुरलेलं. औंध, आटपाडी, कुंडल आणि आजच्या विजयपूर जिल्ह्यातलं गुणदाळ असे त्याचे चार तालुके. या संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. पुण्यात डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १९०९ मध्ये गादीवर आले.

तरुणपणी त्यांना युरोपातल्या सँडो या पहिलवानाच्या पद्धतीचं वेड होतं. त्याची पुस्तकं आणि साधनं मागवून सुमारे दहा वर्षं त्यांनी तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा ते चाळिशीला आले होते. साधनं नकोत, जोडीदार नको, अंथरायला एक घोंगडी पुरे!

मग संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले. राजेसाहेब स्वतः मुलांपुढे घालून दाखवत. राणीसाहेबही घालत. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा अडुसष्ट वर्षांचा हा ताठ कण्याचा माणूस पाहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर लिहिलं. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस जमिनीवरचे संथ व्यायाम शिकवत होता. तोही लहानपणी दुबळा. दोघांच्या पद्धती वेगळ्या, पण श्वास आणि हालचाल यांची सांगड दोन्हीकडे आहे. पोट, पाठ, मांड्या बळकट होतात. नमस्कारात एक पाय मागे जातो, शरीराचा भार एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. खाली वाकून पुन्हा उभं राहावं लागतं. म्हातारपणी न्हाणीघरात किंवा पायरीवर तोल सांभाळायला नेमकं हेच लागतं.

नमस्कार जवळजवळ सगळ्या दुखण्यांवर चालतात, असा राजेसाहेबांचा विश्वास होता. तो मात्र आजच्या वैद्यकात टिकत नाही. शिवाय त्यांची सवय चाळिशीपासूनची. सत्तरीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्यासारखे शेकड्याने नमस्कार घालायला जाऊ नये. गुडघे, रक्तदाब, चक्कर यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, इथून सुरुवात केली तरी चालते. जवळ कुणी असलं म्हणजे झालं.

सत्तरीत राजेसाहेबांनी आणखी एक अवघड गोष्ट केली. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये त्यांनी कारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५१ मध्ये ते गेले. वय ८२.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८५७ च्या शताब्दीला, ग्वाल्हेरमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. पुढे ते विद्यापीठाच्या दर्जाला पोचलं. व्यायाम हा शाळेत शिकवायचा विषय आहे, हे औंधच्या पोरांना मात्र त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.