शर्करेचें चिलखत : ऑस्वाल्ड एव्हरी

ऑस्वाल्ड एव्हरी यांचा जन्म १८७७ सालीं कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें झाला. वडील पाळक होते. पुढें न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तींतील मंडळी त्यांच्याकडे आली, तेव्हां बाल ऑस्वाल्ड रविवारीं मंदिराच्या पायऱ्यांवर कॉर्नेट नांवाचें वाद्य वाजवून लोकांना उपासनेस बोलावीत असे. पंधराव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. १९०४ सालीं ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण असाध्य रोग्यांपुढें हात जोडून बसणें त्यांना सोसेना, म्हणून ते प्रयोगशाळेकडे वळले. १९१३ पासून रॉकफेलर संस्थेचें रुग्णालय हेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें.

त्या काळीं न्यूमोनियावर खात्रीचें औषध नव्हतें. या रोगाच्या जंतूभोंवतीं एक बुळबुळीत कवच असतें. कवच असेल तर रक्तांतील पांढऱ्या पेशींना जंतु सहसा गिळतां येत नाहीं. कवच गेलें कीं तो निरुपद्रवी. हें कवच कशाचें? १९१७ सालीं डोशे यांच्यासह एव्हरींना रोग्यांच्या मूत्रांतही त्याचा अंश सांपडला. १९२३ मध्यें हायडेलबर्गर या रसायनज्ञाच्या साह्यानें उलगडा झाला, कीं तें प्रथिन नसून शर्करा आहे! तिसऱ्या जातीच्या जंतूंत तर ग्लुकोज व ग्लुक्युरॉनिक आम्ल हे दोनच घटक माळेंतील मण्यांप्रमाणें एकाआड एक ओवलेले असतात. जंतूंची जात शर्करेनें ठरते, हें पुष्कळ विद्वानांना पटेना. प्रथिनाचा लेश राहून गेला असावा, असें ते म्हणत. एव्हरींनीं वाद घातला नाहीं. प्रयोग पुनःपुन्हां केले. पुढें ड्यूबो यांना दलदलीच्या मातींत तीच शर्करा खाणारा एक जंतु मिळाला. त्याच्या रसानें कवच विरघळलें आणि रोगट उंदीर वांचले. संशय घेण्यास आतां जागा उरली नाहीं. १९३१ सालीं गोबेल यांच्यासह त्यांनीं ही शर्करा प्रथिनास जोडून सशांत रोगप्रतिकारशक्ति निर्माण केली. आज तान्ह्या बालकांना न्यूमोनियाची जी लस टोंचतात, तिचें मूळ तत्त्व हेंच. (टोंचणीच्या भीतीनें रडणाऱ्या धाकट्या भावंडांना हें अवश्य सांगावें!)

कवचानेंच त्यांना आणखी एक दार उघडून दिलें. कवचहीन जंतूंना मेलेल्या सकवच जंतूंचा अर्क दिला, तर ते कवच विणूं लागतात, व त्यांची संततिही तें विणते. अर्कांतील कोणता पदार्थ ही विद्या देतो? कित्येक वर्षें शोधून मॅक्लिऑड व मॅकार्टी यांच्यासह १९४४ सालीं एव्हरींनीं उत्तर दिलें : डीएनए. वय ६६. आनुवंशिकतेचें द्रव्य हातीं लागलें होतें, तरी त्यांनीं निष्कर्ष फार जपून मांडला. मला वाटतें, गरजेहून अधिकच जपून. नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें नाहीं.

ते आजन्म अविवाहित राहिले. १९४८ सालीं धाकट्या भावाजवळ नॅशव्हिल येथें राहावयास गेले, आणि १९५५ मध्यें तेथेंच निवर्तले.