विद्यापीठाच्या कार्यशाळेतला कारागीर : जेम्स वॅट



कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलात तर तेथे एक माणूस तुम्हाला नेहमी दिसेल. प्राध्यापक येण्यापूर्वी तो उपकरणे मांडून ठेवतो, बिघडलेली दुरुस्त करतो आणि तास संपला की सारे पुसून कपाटात लावतो. समारंभाच्या फोटोत तो सहसा नसतो. आपला मुलगा अशी नोकरी धरणार असे कळले, की पुष्कळ पालकांचा चेहरा उतरतो. त्या पालकांनी आणि त्या मुलांनीही जेम्स वॅटचे चरित्र जरूर वाचावे. विजेच्या दिव्यावर छापलेला वॅट हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे.

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून त्याने इंजिन शोधून काढले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती विसरून जा. वाफेचे इंजिन त्याच्या जन्माआधीच, १७१२ साली, न्यूकोमेनने चालवून दाखविले होते. वॅटची खरी हकीकत याहून अधिक उपयोगाची आहे.

जेम्सचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात झाला. वडील जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. मुलगा प्रकृतीने नाजूक असल्याने त्याचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. त्याला गणिताची आवड होती आणि वडिलांच्या कारखान्यातील हत्यारे त्याच्या हाती लवकर आली. पुढे उपकरणे बनविण्याची विद्या शिकण्यासाठी १७५५ मध्ये तो लंडनला गेला. तेथे या धंद्यासाठी सात वर्षांची उमेदवारी करावी लागे. इतका काळ काढणे त्याला शक्य नव्हते. एका कारागिराला वीस गिनी देऊन एका वर्षात जमेल तेवढे तो शिकला आणि खालावलेली प्रकृती घेऊन परतला. हातात कसब होते, पण रीतसर उमेदवारीचा शिक्का नव्हता.

अशा मुलाला ग्लासगो विद्यापीठाने आधार दिला. जमैकाहून विद्यापीठाकडे आलेली खगोलशास्त्राची उपकरणे साफ करण्याचे काम १७५६ मध्ये त्याला मिळाले. काम चोख झाले. १७५७ मध्ये विद्यापीठाने आपल्या आवारात त्याला कार्यशाळेसाठी जागा दिली आणि विद्यापीठाचा उपकरण-कारागीर असे नावही दिले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

या छोट्या खोलीत एक मोठी गोष्ट घडली. रसायनशास्त्राचे अध्यापक जोसेफ ब्लॅक आणि तरुण अभ्यासक जॉन रॉबिसन तेथे येऊन बसू लागले, कारागिराशी बरोबरीच्या नात्याने चर्चा करू लागले. वॅटनेही ही संगत वाया घालविली नाही. यंत्रांवरचा एक मोठा ग्रंथ जर्मन भाषेत होता, तर तो वाचण्यासाठी तो जर्मन शिकला.

१७६३ च्या हिवाळ्यात वर्गात दाखविण्याचे न्यूकोमेन इंजिनाचे एक लहान प्रतिरूप त्याच्याकडे दुरुस्तीला आले. त्याने ते चालू केले, पण चार झटके घेऊन ते पुन्हा थांबे. दुसरा कोणी असता तर दुरुस्ती झाली असे सांगून मजुरी घेऊन मोकळा झाला असता. वॅटने मात्र ते का थांबते, हा प्रश्न धरून ठेवला. त्याने पाणी तोलले, वाफ मोजली. त्या इंजिनात नळकांड्यात वाफ भरून तीवर थंड पाणी फवारीत, म्हणजे वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पण प्रत्येक वेळी नळकांडेही थंड पडे आणि बरीचशी वाफ ते पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. इतक्या थोड्या वाफेत इतकी उष्णता कशी, याचे कोडे ब्लॅकने सुप्त उष्णतेचा सिद्धांत समजावून सोडविले. मे १७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना वॅटला उपाय सुचला. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडायचे आणि नळकांडे सदैव गरमच ठेवायचे.

मित्रहो, येथे गोष्ट संपली असे समजू नका. विद्यापीठाने त्याला जागा दिली, मान दिला, पण वर चढण्याची शिडी तेथे नव्हती. लग्न झालेले, संसार वाढलेला, आणि प्रयोगांपायी कर्ज. पोटासाठी त्याला कालव्यांची मोजणी करीत वर्षानुवर्षे हिंडावे लागले. १७६९ मध्ये पेटंट मिळाले, तरी बिनचूक नळकांडे घडविणारा कोणी मिळेना. १७७३ मध्ये पत्नी वारली. अखेर १७७५ मध्ये बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला, विल्किन्सनच्या नव्या यंत्राने नळकांडी अचूक कोरली जाऊ लागली आणि १७७६ मध्ये वॅटची इंजिने कामावर रुजू झाली. कल्पना सुचल्यापासून अकरा वर्षे लोटली होती.

मोठेपणी त्याच्याही हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. त्याच्या कारखान्यात विल्यम मर्डॉक नावाचा हुशार कारागीर होता. त्याने १७८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीचे प्रतिरूप बनविले, तेव्हा वॅटने त्याला उत्तेजन दिले नाही. ब्लॅकने वॅटच्या बाबतीत जे केले, ते वॅटने मर्डॉकसाठी केले नाही.

१७८५ मध्ये वॅट रॉयल सोसायटीचा सभासद झाला. ज्या ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणे पुसायला आला होता, त्यानेच १८०६ मध्ये त्याला डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. निवृत्तीनंतरही घराच्या माळ्यावर त्याची हत्यारे शेवटपर्यंत मांडलेली होती. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो निवर्तला. तो माळा आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेला आहे.

पालकहो, मुलगा आय. टी. आय. करतो किंवा प्रयोगशाळेत साहाय्यक होतो म्हणून मान खाली घालू नका. फक्त त्याची पुस्तके बंद पडू देऊ नका. विद्यार्थी मित्रहो, हाती आलेले उपकरण दुरुस्त तर कराच, पण ते का बिघडले हेही शोधा, आणि जो अधिक जाणतो त्याला विचारायला लाजू नका. आणि आम्ही शिक्षकांनी काय करावे? ब्लॅकप्रमाणे आपण होऊन त्या कार्यशाळेच्या दारात जावे. तेथला माणूस काय जाणतो, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.