विश्लेषण : चंद्र झळाळला, गाव अंधारात… अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी ‘तो’ फोटो कसा वाचवला?

संध्याकाळी गडावरून मोबाइलने फोटो काढणाऱ्या बहुतेकांचा अनुभव सारखाच. आकाश नीट आले तर खालचे गाव काळेठिक्कर, आणि गाव दिसले तर आकाश पांढरेफटक. मग रात्री एडिटिंगचे स्लायडर ओढत बसायचे. नेमकी हीच अडचण १ नोव्हेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्यापुढे उभी राहिली. त्यातून तयार झालेले ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. पण त्याची निगेटिव्ह सदोष होती, हे फारसे सांगितले जात नाही.

पियानोवादक होता होता छायाचित्रकार

अ‍ॅडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६च्या भूकंपानंतरच्या धक्क्यात पडून त्यांचे नाक मोडले, ते आयुष्यभर वाकडेच राहिले. शाळेत मन रमेना. पियानोत मात्र रमले आणि तेच करिअर करायचे ठरले. १९१६ मध्ये कुटुंबासह योसेमिटीच्या दरीत गेले असता वडिलांनी हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. त्यानंतर दरवर्षी योसेमिटी ठरलेली. संगीत हळूहळू मागे पडले, तरी संगीताची शिस्त त्यांनी डार्करूममध्ये नेली. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, अशी त्यांची धारणा होती.

शेवटची काच आणि लाल फिल्टर

१० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅडम्स मित्रांसह बर्फातून चढून योसेमिटीतील ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोर पोहोचले. तेव्हा ते छायाचित्रे काचेच्या प्लेटवर घेत. त्यांच्याकडे दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यांनी नेहमीच्या पिवळ्या फिल्टरने वापरली आणि लगेच लक्षात आले की, कड्यासमोर उभे राहून वाटणारा दरारा यात येणार नाही, आकाश फिकट राखाडी दिसेल. शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे आले आणि कडा उठून दिसला. बटण दाबण्याआधीच अंतिम प्रिंट मनात पाहायची, ही त्यांची पद्धत इथे सुरू झाली. पुढच्या सगळ्या तंत्राचे मूळ यातच आहे.

झोन सिस्टीम म्हणजे काय?

१९४०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना अ‍ॅडम्स आणि त्यांचे सहकारी फ्रेड आर्चर यांनी ही पद्धत बांधली. ठार काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांना ० ते १० असे क्रमांक द्यायचे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना प्रकाश दुप्पट होतो. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर बर्फ आहे की कोळसा हे कळत नाही, तो जे मोजतो ते मधल्या, म्हणजे पाचव्या छटेवर आणू पाहतो. म्हणून बर्फ मळकट आणि काळी म्हैस राखाडी दिसते. कोणती गोष्ट कोणत्या छटेवर हवी, हे माणसाने ठरवायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवल्यावर दिसणारी सूर्याची खूण वर-खाली ओढणे म्हणजे याच निर्णयाची छोटी आवृत्ती.

हर्नांडेझमध्ये काय घडले?

दिवसभराचे काम मनासारखे झाले नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांना डावीकडे एक गाव दिसले : वर चंद्र, मागे ढग आणि बर्फाच्छादित डोंगर, खाली स्मशानभूमीतील क्रूसांवर मावळतीचे ऊन. गाडी थांबवून त्यांनी मोठा ८ बाय १० इंचांचा कॅमेरा लावला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्यांना आकड्यात पाठ होती. ती सातव्या छटेवर धरून त्यांनी मनातल्या मनात गणित केले : एफ ३२, एक सेकंद. सुरक्षितता म्हणून दुसरी निगेटिव्ह घेण्यासाठी होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचे ऊन गेले होते.

हिशेब चंद्राचा होता, त्यामुळे चंद्र वाचला. जमिनीला मात्र प्रकाश कमी पडला. (तारखांबाबत अ‍ॅडम्स इतके बेफिकीर की, या छायाचित्राची तारीख पुढे खगोल अभ्यासकांना चंद्राच्या स्थानावरून काढावी लागली.)

मग एडिटिंगने काय साधले?

१९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा फक्त खालचा भाग रसायनात पुन:पुन्हा बुडवून दाट केला, तेव्हा गाव थोडे उघडले. प्रत्येक प्रिंटवेळी कुठे हाताने प्रकाश अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, हे ठरलेले असे. आजच्या अ‍ॅपमधील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे तिथूनच आली. या एका चित्राच्या त्यांनी १३००हून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात पुसट ढग दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळे आहे. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाव निगेटिव्हवर पुसट का होईना, पण उतरले होते. जे उतरलेच नव्हते, ते कोणत्याही डार्करूममधून काढता आले नसते.

मोबाइलला हे जसेच्या तसे लागू होते का?

इथे एक फरक आहे. फिल्मवर सावलीचा भाग हातचा जाण्याची भीती जास्त, म्हणून सावलीला पुरेसा प्रकाश देण्याचा नियम होता. डिजिटल सेन्सरवर उलटे. काळवंडलेली सावली काहीशी उजळता येते, दाणे दिसतात इतकेच. पण पांढरेफटक झालेल्या ढगात माहितीच उरत नाही. म्हणून सूर्यास्ताला आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवून एक्स्पोजर किंचित कमी करावे आणि गाव नंतर एडिटिंगमध्ये उजळावे. सोय असेल तर ‘रॉ’ फाइल ठेवावी, तीत उजळण्यास जास्त वाव असतो. म्हणजे नेहमीचा नियम सोडून अ‍ॅडम्स यांनी त्या संध्याकाळी चंद्र धरला, तेच फोनवर रोज करायचे.

अ‍ॅडम्स यांचे निधन २२ एप्रिल १९८४ रोजी झाले. इलेक्ट्रॉनिक प्रतिमा येणार, याची त्यांना अखेरच्या वर्षांत उत्सुकता होती. त्यांच्या निगेटिव्ह आज अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या छायाचित्रण केंद्रात जतन केलेल्या आहेत.