श्रीशंकराच्या नावाने

2022 च्या जानेवारीत एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा यांच्यापुढे पक्षांतर न करण्याची शपथ घेतली. सप्टेंबरात त्याच पक्षाचे अकरापैकी आठ आमदार सत्ताधारी पक्षात दाखल झाले. देवाला साक्षीस बोलवायचे आणि निवाडा मात्र स्वार्थाकडे सोपवायचा, ही रीत जेथे रूढ होते, तेथे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे स्मरण करणे आम्हास अगत्याचे वाटते.

1725 मध्ये चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी जन्मलेली ही कन्या मल्हारराव होळकरांची सून होऊन माळव्यात गेली. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि राज्यकारभारात आपला उजवा हात बनविले. 1766 मध्ये मल्हारराव निवर्तले. पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. दौलतीस धनी उरला नाही, असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि त्यांच्या चिथावणीने रघुनाथराव पेशवे फौजेनिशी क्षिप्रातीरी येऊन ठाकले.

अहिल्याबाईंच्या श्रद्धेचा कस लागला तो येथे. देव न्याय करील म्हणून हातावर हात ठेवून बसण्याला त्यांनी श्रद्धा मानले नाही. त्यांनी फौज सज्ज केली, अन्य सरदारांना साद घातली आणि थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. पेशव्यांनी त्यांची बाजू न्याय्य ठरविली व दादासाहेबांना लढाईविना माघार घ्यावी लागली. विजयानंतर त्यांनी जे केले, ते तर त्याहून थोर होय. सैन्याची धुरा त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली, नर्मदाकाठच्या महेश्वरी राहून मुलकी कारभार पाहिला आणि राजाज्ञांवर स्वतःचे नाव न घालता श्रीशंकराचे नाव घातले. राज्य देवाचे आणि आपण त्याला जाब देणाऱ्या कारभारीण, हा त्यांचा भाव होता. सासू गौतमाबाईंपासून चालत आलेल्या खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. औरंगजेबाने 1669 मध्ये पाडलेले काशीविश्वेश्वराचे मंदिर 1780 च्या सुमारास पुन्हा उभे राहिले, ते त्यांच्याच हातून.

दादासाहेबांनी दुसरी वाट धरली. 1773 मध्ये पुतणे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्या रक्ताचा डाग लागलेले पेशवेपद दादासाहेबांनी स्वीकारले. ते टिकेना, तेव्हा 1775 च्या सुरतेच्या तहाने त्यांनी मुंबईनजीकची साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ज्या वसईसाठी 1739 मध्ये त्यांचे चुलते चिमाजी आप्पा पोर्तुगीजांशी झुंजले आणि मल्हाररावही लढले, ती वसई एका पदाच्या किंमतीत घातली गेली! या किनाऱ्यावरील वाचकांना त्या सौद्याची बोच निराळी सांगावयास नको. 1783 मध्ये कोपरगावी दादासाहेबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या हाती ना पद होते, ना राज्य.

परंतु देवाच्या न्यायाचा हिशेब इतका सोपा नाही. दादासाहेबांना शिक्षा आणि अहिल्याबाईंना सुख, असे घडले नाही. पती, सासरे व पुत्र यांच्यामागोमाग नातूही गेला. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई मातेच्या विनवण्या न जुमानता सती गेली. स्वतः चितेपासून परतलेल्या मातेला लेकीची चिता पाहावी लागली. तरीही 13 ऑगस्ट 1795 रोजी डोळे मिटेपर्यंत त्यांनी प्रजेची गाऱ्हाणी ऐकणे सोडले नाही आणि दैवावर रुसून अन्यायाचा आश्रयही केला नाही.

ईश्वरी न्यायावरील विश्वास म्हणजे सुखाची हमी नव्हे, हेच या चरित्राचे सार आहे. अन्याय करून मिळणारे आपल्याला नको, एवढा निश्चय म्हणजे तो विश्वास. देवळाच्या पायरीवर शपथ घेणे कोणालाही जमते. कठीण असते ते पायरी उतरल्यानंतरचे वागणे. अहिल्याबाईंनी ते जवळजवळ तीन दशके निभावून दाखविले. आपल्या लोकप्रतिनिधींनी निदान एक कार्यकाळ तरी ते निभावावे, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांचा विसर मतदारांना पडू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.