टेलिफोनची रांग, दवाखान्याची रांग

सातपुड्यातल्या मोलगीसारख्या ठिकाणी ‘ई-संजीवनी’मुळे दूरच्या डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवर मिळू शकतो. पण पलीकडे किती डॉक्टर बसवले, म्हणजे रुग्णाला ताटकळावे लागणार नाही? हे गणित शंभर वर्षांपूर्वीच एका डॅनिश माणसाने मांडले, तेही टेलिफोनसाठी.

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी डेन्मार्कमधील लोनबोर्ग गावी झाला. वडील शाळामास्तर. कोपनहेगन विद्यापीठात गणित शिकून त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली आणि 1908 मध्ये तिथल्या टेलिफोन कंपनीत ते दाखल झाले. तेव्हा फोन ऑपरेटर जोडून देत. ऑपरेटर कमी ठेवले तर ग्राहक खोळंबणार, जास्त ठेवले तर पगार फुकट. कॉल कधी येईल याचा नेम नसला, तरी त्या बेभरवशाच्या येण्यालाही नियम असतो, हे एर्लांग यांनी 1909 मध्ये दाखवले. 1917 मध्ये प्रतीक्षेची सूत्रे दिली.

ही सूत्रे आपल्या अंदाजाला चकवतात. समजा, एका डॉक्टरला रुग्णामागे सरासरी 10 मिनिटे लागतात आणि तासाला सरासरी 4 कॉल येतात, तेही अवचित. मग सरासरी प्रतीक्षा 20 मिनिटे. कॉल 5 झाले की थेट 50! डॉक्टर मात्र अजूनही तासातली सरासरी 10 मिनिटे मोकळाच असतो. असे दोन डॉक्टर वेगळ्या रांगांऐवजी एकच रांग सांभाळू लागले, तर माणशी तेवढ्याच कामात प्रतीक्षा सुमारे 23 मिनिटांवर येते. डॉक्टर क्षणभरही रिकामा बसू नये असा हट्ट धरणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

प्रत्यक्षात मध्येच नेटवर्क जाते, समुदाय आरोग्य अधिकारी गृहभेटीला गेलेले असतात, एखाद्या दिवशी एकदम गर्दी उसळते. एवढे सगळे सूत्रात बसत नाही. मग संगणकावर काल्पनिक रुग्ण, काल्पनिक डॉक्टर उभे करून असे शेकडो दिवस चालवून पाहतात. हेच सिम्युलेशन.

एर्लांग अविवाहित राहिले. गरजूंना ते गाजावाजा न करता मदत करत. मोजमापांसाठी शहरातल्या मॅनहोलमध्येही उतरत. जवळपास 20 वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा म्हणून नाही. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात गेले आणि 3 फेब्रुवारीला तिथेच वारले. वय अवघे 51. टेलिफोनच्या वर्दळीचे माप 1946 पासून ‘एर्लांग’ या एककात मोजतात.