कै. श्रीकृष्ण वेलिणकर

आपल्या खाप्यावरून विमान गेले तर आता लहान मुलेही मान वर करीत नाहीत. पण आपल्या देशाला स्वतःचे वायुदल नव्हते, त्या काळी मुंबईचा एक तरुण लढाऊ विमान चालवीत होता. त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते.

श्रीकृष्ण वेलिणकर विद्याभ्यासासाठी विलायतेस केंब्रिजला गेले होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विमान तेव्हा नवलाईची वस्तू. खुद्द इंग्रजांचेही वायुदल स्वतंत्र नव्हते. १९१२ साली निघालेले विमानदल भूसेनेचीच एक शाखा होते आणि आरमाराची विमाने निराळी. वेलिणकर विमान चालविण्यास शिकले, परंतु हिंदी माणसाला अधिकारी नेमण्यास सरकार तयार होईना. विमान दुरुस्त करणारे कारागीर म्हणून या, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. चिकाटीने प्रयत्न करून अखेर अधिकारपद मिळविलेच. मलिक, रॉय व सेन हे आणखी तीन हिंदी तरुणही त्या दलात वैमानिक झाले.

१ एप्रिल १९१८ रोजी भूसेनेची व आरमाराची विमाने एकत्र करून इंग्रजांनी स्वतंत्र वायुदल केले. तेव्हा वेलिणकर फ्रान्सच्या रणभूमीवर २३ व्या तुकडीत डॉल्फिन नावाचे विमान चालवीत. त्यात एकटाच माणूस बसे, आणि त्याचे डोके वरच्या पंखाच्या फटीतून बाहेर निघे. विमान पेटले तर उडी टाकण्यास हवाई छत्रीही नसे.

२७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले आणि ३० जूनला जर्मनांच्या इस्पितळात वारले. जर्मनांनी त्यांना पुरले खरे, पण नावाचा अपभ्रंश झाला. वेलिणकरांचे वुमकर झाले. घरच्यांनी शोधावे तरी कोणत्या नावाने? युद्ध संपल्यावर पुष्कळ तपास झाला, तेव्हा कोठे ती जागा त्यांचीच असे ठरले. फ्रान्समध्ये हँगार्ड गावच्या स्मशानभूमीत आज ते चिरनिद्रा घेत आहेत.

हे मरण परक्या राज्याच्या लढाईत आले, हे मनाला लागते. पण हिंदी माणसाला विमान चालविता येते, हे या चौघांनी दाखवून दिले. पुढे ८ ऑक्टोबर १९३२ रोजी आपल्या देशाचे वायुदल स्थापन झाले.

आपल्या मुलांना त्यांचे नाव जरूर सांगा, आणि बरोबर सांगा. एकदा चुकले तेवढे पुरे.