हाडात डोकावणारा मेकॅनिकलवाला

मागच्या वर्षी स्पोर्ट्सची प्रॅक्टिस करताना माझी नडगी दुखायला लागली. एक्स-रे काढला, तर एकदम क्लीन. झालं! हॉस्टेलभर बोभाटा, की ही सबमिशन टाळायला लंगडतेय. पुढे एमआरआयमध्ये निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर. तेव्हा ज्याच्या किरणांवर मी भडकले होते, त्या विल्हेल्म राँटजेनबद्दल वाचलं.

जन्म १८४५, जर्मनीतलं लेनेप. उट्रेख्टला शिकताना वर्गातल्या कुणीतरी सरांचं व्यंगचित्र काढलं. राँटजेनने नाव सांगितलं नाही, म्हणून यालाच काढून टाकलं. (आमच्या सिस्टर्सनीही हेच केलं असतं!) शाळेचं सर्टिफिकेट नाही. शेवटी झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आणि १८६८ साली तो चक्क मेकॅनिकल इंजिनिअर झाला. फिजिक्सकडे वळला तो नंतर.

८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गच्या लॅबमध्ये काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली ट्यूब चालू असताना लांबचा पडदा चमकला. मग कित्येक आठवडे गडी लॅबमध्येच जेवला, झोपला. २२ डिसेंबरला बायकोच्या हाताचा फोटो घेतला: बोटांची हाडं आणि अंगठी. १९०१ साली फिजिक्सचं पहिलं नोबेल मिळालं. पैसे त्याने युनिव्हर्सिटीला देऊन टाकले. पेटंट तर घेतलंच नाही.

त्यामुळे एक्स-रे झपाट्याने सगळीकडे पोचला. लांब मार्च करणाऱ्या सैनिकांची पावलं सुजतात, हे ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण कारण कळत नव्हतं. १८९७ मध्ये श्टेखोवने एक्स-रे काढून दाखवलं, की पावलाचं हाड मोडलंय. म्हणजे आपलं फटीग फेल्युअरच! एका दणक्याने नाही, पुन्हापुन्हा येणाऱ्या लोडने.

मग माझा एक्स-रे क्लीन कसा? एक्स-रेला दिसतो तो हाडाच्या घनतेतला फरक. सुरुवातीची चीर इतकी बारीक असते की तो फरक पडतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी नवं हाड धरायला लागलं की खूण उमटते. एमआरआयला मात्र हाडाच्या आतली सूज आधीच दिसते. हे राँटजेनला कुठून माहीत असणार? तो १९२३ साली म्युनिकमध्ये गेला, महायुद्धानंतरच्या महागाईत पैसे संपत आलेले असताना.

ती क्लीन फिल्म रूममेटने आमच्या खिडकीच्या काचेला चिकटवलीय. बघायला या.